ब्रेक न दाबणाऱ्या डॉक्टरबाई

बाई गाडीत बसल्या की आधी उजव्या पायातली चप्पल काढायच्या आणि ती ब्रेकखाली जाऊ नये म्हणून मागे तात्यांच्या पायाशी टाकून द्यायच्या. डाव्या पायात चप्पल, उजवा पाय उघडा, असा त्यांचा बारामती ते इंदापूर प्रवास रोज चालायचा. ॲक्सिलरेटर किती दाबला हे चपलेला कळत नाही, अंगठ्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं. इंदापूरला पोचलं की तात्या ती चप्पल पुढं द्यायचे. मग बाई ती घालून, पदर नीट करून, अगदी गंभीर चेहऱ्यानं दवाखान्याच्या पायऱ्या चढायच्या.

नव्वदच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. इंदापुरात बाईंचं छोटं प्रसूतिगृह होतं. मी तिथं नर्स, आणि तात्या कंपाउंडर. आम्ही तिघंही बारामतीत राहायचो, म्हणून सकाळी बाईंच्या गाडीतून जायचं आणि संध्याकाळी परतायचं. बाई मूळच्या कन्हेरीच्या. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि मुलीला शिकवायचं म्हटलं ते पार डॉक्टर होईपर्यंत शिकवलं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. म्हातारी आई त्यांच्यापाशी होती आणि आईला इंदापूरचं पाणी मानवत नव्हतं, म्हणून घर बारामतीत आणि दवाखाना इंदापुरात. तेव्हा आमच्या भागात बाईमाणूस गाडी चालवताना दिसलं तरी लोक सायकलवरून उतरून बघायचे. त्यात ही बाई तरुण पोरांच्या मोटरसायकलींना खुशाल पुढं जाऊ द्यायची आणि स्वतः मात्र एका लयीत, ठरल्या वेगानं जात राहायची.

कारण बाईंना पेट्रोल वाया गेलेलं खपत नसे. त्या कंजूस होत्या म्हणावं, तर दवाखान्यात बाळंतिणीला तूप कमी वाढलं म्हणून त्यांनी स्वयंपाकीणबाईला सुनावलेलं मी ऐकलंय. आलेल्या बाईकडे फी आहे की नाही हे त्या बघायच्याच नाहीत. पण पेट्रोल म्हटलं की त्या बदलायच्या. गाडी होती सेकंडहँड, पांढरी, दरवाजे जोरात लावावे लागायचे अशी. त्या गाडीकडून जेवढं ॲव्हरेज त्या काढायच्या तेवढं विकणाऱ्यालाही कधी मिळालं नव्हतं, असं त्यांचा मिस्त्री सांगायचा.

दर सोमवारी सकाळी दवाखान्यात जायच्या आधी पंक्चरवाल्याकडे थांबायचं. चाकं गार असतानाच हवा बघायची, रस्त्यावर तापली की काटा खोटा आकडा दाखवतो.

"बाई, गेल्या सोमवारीच तर भरली हवा," पंक्चरवाला जांभया देत म्हणायचा.

"आठ दिवस झाले की रे. तू आठ दिवस जेवला न्हाईस तर चालंल का तुला?"

थंडीत बाईंच्या शेजारचे एक गृहस्थ जीप सुरू करून ठेवायचे आणि आत जाऊन चहा पिऊन यायचे. तोवर जीप गल्लीभर धूर करत उभी. बाई गाडी सुरू करून क्षणभर थांबायच्या आणि अगदी अलगद निघायच्या. "चालता चालता तापते गाडी," त्या म्हणायच्या, "उभ्या उभ्या तापवायला ती काय चूल आहे?" दवाखान्यात पोचल्यावर इंजिन गरम आहे तोवरच गाडी मागं घेऊन, तोंड रस्त्याकडे करून ठेवायची. गार इंजिनावर मागंपुढं करणं म्हणजे त्यांच्या मते पेट्रोल ओतून देणं. घरी जाऊन पेशंट बघायचे असले तर आधी सगळी गावं मनात मांडायच्या आणि जाताना एक बाजू, येताना दुसरी अशी सांगड घालायच्या. एकाच रस्त्यावरून दोनदा जावं लागलं की दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला असायचा.

डिकीत स्टेपनी, जॅक आणि औषधांची पेटी, याशिवाय काही ठेवायचं नाही. यावरून तात्यांशी त्यांची एकदा चांगलीच जुंपली. तात्यांची सासुरवाडी लासुर्ण्याला, आमच्या रस्त्यावरच. तिथून एका संध्याकाळी त्यांना कांद्याचं पोतं मिळालं. रस्त्याच्या कडेला पोतं, पोत्यापाशी मेहुणा, आणि तात्या खुशीत.

"बाई, हितं जरा थांबवा. एक पोतं टाकायचंय."

बाई थांबल्या. उतरून पोत्याकडे बघितलं, मग तात्यांच्या पोटाकडे बघितलं.

"तात्या, कांदं तरी न्या, न्हाईतर तुमी तरी या."

"आवं घरचं कांदं हायती!"

"घरचं असलं तरी वजन असतंच की."

तात्यांना राग आला. ते म्हणाले, "जावा तुमी," आणि पोत्यावर बसून राहिले. त्या दिवशी ते कांद्यासकट एसटीनं आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गाडीत बसताना त्यांनी बाईंच्या आईसाठी त्याच कांद्यांची पिशवी पुढं केली. बाईंनी ती हातात तोलून बघितली आणि त्या ती घरात ठेवून आल्या. दोघंही हसले नाहीत. मीच खिडकीकडे तोंड करून हसले.

गावाबाहेरच्या रेल्वे फाटकावर दौंडकडची गाडी यायची असली की वाहनं खोळंबायची. बाई लगेच इंजिन बंद करायच्या. तेवढ्यानं समाधान व्हायचं नाही, म्हणून उतरून पुढच्या ट्रकपाशी जायच्या आणि वर बघून ड्रायव्हरला म्हणायच्या, "बंद कर की रं इंजिन."

"डिझेल मालकाचंय, बाई," एकदा एकानं वरूनच उत्तर दिलं.

"डिझेल मालकाचं, पण धूर कुणाच्या छातीत जातोय?"

मग त्यानं इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली की पलीकडच्या शेतातल्या मोटेच्या जागी बसवलेल्या पंपाचा आवाज ऐकू यायला लागला.

पण या सगळ्यात त्यांचा मुख्य नियम एकच होता. ब्रेक दाबायचा नाही. म्हणजे अगदी वेळ आली तर दाबायचा, पण ती वेळ आली याचा अर्थ आपण आधी कुठंतरी चुकलो, असं त्या मानायच्या. "नजर लांब ठेवायची," त्या मला सांगायच्या. "बॉनेटकडं बघत चालवणारा माणूस पेट्रोल पितो. लांबवर बैलगाडी दिसली की इथंच पाय उचलायचा. आपण तिच्यापाशी पोचेपर्यंत समोरचा रस्ता मोकळा होतो." आणि खरंच व्हायचा. कारखान्याचा सीझन सुरू झाला की सणसरपासून पुढं उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर यांनी रस्ता भरून जायचा. हवेत मळीचा वास, डांबरावर पडलेलं उसाचं पाचट. बाकीचे लोक ट्रॉलीला जाऊन चिकटायचे, करकचून ब्रेक मारायचे, हॉर्न वाजवायचे. बाई लांब मागं राहून संथ येत राहायच्या आणि नेमकी वाट मिळाली की न थांबता पुढं निघून जायच्या. एकदा तात्यांनी सुचवलं की उताराला इंजिनच बंद केलं तर आणखी वाचेल. बाई भडकल्या. "पेट्रोल वाचवायचंय तात्या, माणसं घालवायची न्हाईत."

हे सगळं वेडच आहे असं मला पहिलं वर्षभर वाटत होतं. मग त्या सीझनमध्ये निमगाव केतकीची एक बाई आली. पहिलटकरीण, रक्त फार कमी, आणि दुपारपर्यंत तिला बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. जीप मिळेना. बाईंनी तिला आपल्या गाडीत मागच्या सीटवर झोपवलं, डोकं नवऱ्याच्या मांडीवर. मी पुढं, मागं वळून सलाईनची बाटली धरून. तात्या दवाखान्यातच राहिले. रस्ता उसानं गच्च. नवरा पंचविशीचा असेल, पानमळा करणारा, बोटं अजून हिरवट काळी. जंक्शन हे गाव यायच्या आतच त्याचा धीर सुटला.

"बाई, दाबा की जरा! पाया पडतो तुमच्या, जोरात घ्या!"

बाईंनी मागं बघितलंही नाही.

"मी दाबलं की त्या ट्रॉलीपाशी जाऊन मला थांबावं लागंल. थांबलं की धक्का तुझ्या बायकोला बसंल. आपण थांबणार न्हाई. तू तिच्याकडं बघ, रस्ता माझ्याकडं दे."

तो रडत होता, पण बायकोकडे बघत होता. मी बाटलीतल्या पाण्याकडे बघत होते. ते फारसं हलतही नव्हतं. समोरच्या गाड्या, सायकली, मेंढरं, सगळं एकेक करत बाजूला होत गेलं आणि त्या रस्त्यावर आम्ही एकदाही पूर्ण थांबलो नाही. बारामतीत स्ट्रेचर आलं तेव्हा ती पोरगी शुद्धीत होती. "कवा आलो?" असं तिनं नवऱ्याला विचारलं. संध्याकाळी तिला मुलगी झाली. दोघीही वाचल्या.

तिथून घरी जाताना मी बाईंना म्हटलं, "तुम्ही अशी गाडी चालवता ती पेशंटसाठीच ना? आम्ही उगाच पेट्रोल पेट्रोल म्हणून हसतो."

"उगाच मला मोठेपणा देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मला वाया घालवलेलं आवडत नाही, एवढंच." थोडं पुढं गेल्यावर म्हणाल्या, "कळा देताना बायका वेळेआधी जोर लावतात आणि ऐन वेळी थकून जातात. त्यांनाही मी तेच सांगते की."

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी बाईंची तक्रार सुरू झाली की गाडी पेट्रोल जास्त खायला लागली. मिस्त्रीनं कार्बोरेटर उघडून साफ केला, प्लग बदलले, टाकीपासून नळीपर्यंत सगळं तपासलं. काही सापडलं नाही. बाईंनी पेट्रोल पंप बदलला. मग दुसऱ्या मिस्त्रीला दाखवलं. तोही म्हणाला, गाडी ठणठणीत आहे. बाई अस्वस्थ झाल्या. गाडीतलं नेहमीचं बोलणं कमी झालं. इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून त्या चालवायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "कुठंतरी गळतंय गं हिचं."

एका संध्याकाळी शेलगावच्या अलीकडे डावीकडच्या पाणंदीतून एक बैलगाडी सावकाश रस्त्यावर आली. मला ती केव्हाची दिसत होती. तात्यांना मागून दिसत होती. बाई तशाच येत राहिल्या आणि अगदी जवळ पोचल्यावर त्यांनी दचकून ब्रेक दाबला. तात्यांचा डबा खाली पडला, झाकण उडालं. बैल बुजले. गाडीवान काहीतरी ओरडला. बाई त्याला नमस्कार करून पुढं निघाल्या.

मग मी लक्ष ठेवायला लागले. कडेनं येणारा सायकलवाला, शाळा सुटलेली पोरं, शेळ्या. समोरचं, लांबचं त्यांना स्वच्छ दिसायचं. बाजूचं दिसत नव्हतं. दर खेपेला दोन-चारदा तरी ब्रेक लागत होता आणि मग पुन्हा गाडी उचलावी लागत होती. त्याच आठवड्यात प्रसूतीच्या खोलीत त्यांनी डावीकडच्या ट्रेमधली कात्री घ्यायला हात पुढं केला, तो ट्रेच्या बाहेर पडला. मी ट्रे त्यांच्यासमोर सरकवला. त्यांना वाटलं, आधीपासून तिथंच होता.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आपण नर्स, त्या डॉक्टर, आणि हे त्यांना सांगायचं कसं? पण दुसऱ्या दिवशी परतताना पुन्हा एक म्हातारा त्यांच्या गाडीपुढून थोडक्यात वाचला, तेव्हा माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"बाई, गाडीत काही बिघाड नाही. तुम्ही ब्रेक दाबताय."

"मी?"

"हो. डावीकडून काही आलं की तुम्हाला उशिरा दिसतंय. आणि दवाखान्यातसुद्धा."

बाईंनी गाडी कडेला, एका कडुनिंबाखाली घेतली आणि बंद केली. उजवा डोळा तळहातानं झाकला. समोर उसाचं शेत होतं, त्याच्याकडे सरळ बघत त्यांनी डावा हात लांब केला आणि बोट हलवत हलवत आत आणायला लागल्या. बोट जवळजवळ नाकासमोर आल्यावर थांबल्या. मग दुसरा डोळा झाकून तेच केलं. पेशंटला तपासावं तसं, सगळं शांतपणे.

"बरंच गेलंय गं," त्या म्हणाल्या. "काचबिंदू असणार. माझ्या आत्याला होता."

तात्या मागून म्हणाले, "सावकाश घ्या बाई. आता घर कितीसं ऱ्हायलंय? आमी दोघं दोन्ही बाजूंनी बघतो."

"न्हाई तात्या. आता एक फूटसुद्धा न्हाई."

त्यांनी किल्ली काढली. आम्हा दोघांना गाडी येत नव्हती. शेतमालकाच्या अंगणाजवळच गाडी होती, त्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि आम्ही तिघं एसटीला हात करायला रस्त्यावर उभे राहिलो. एसटीत जागा नव्हती. बाई दांड्याला धरून उभ्या होत्या. एका बाईनं ओळखून जागा दिली, तेव्हा त्या बसल्या आणि पदरानं डोळे पुसले. धूळ गेली म्हणाल्या.

पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचंच निदान पक्कं केलं. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली औषधाच्या थेंबांनी टिकवायची होती. बाईंना खरा घाव बसला तो यानंतर. पुण्याहून आल्यावर पहिल्याच दिवशी एक अडलेली बाळंतीण आली. तिची सासू जुनी ओळखीची, तिचा मुलगा बाईंच्याच हातचा. बाई सवयीनं हात धुवायला नळापाशी गेल्या, कोपरापर्यंत साबण लावला आणि थांबल्या.

"सिस्टर, समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवा."

सासू कळवळली. "बाई, असं का म्हणता? माझा ल्योक तुमच्याच हातानं आला. आता त्याचं लेकरू दुसऱ्याच्या हाती का म्हणून द्यायचं?"

"हात तेच हायेत मावशी," बाई म्हणाल्या. "डोळं ते न्हाईत."

समोरचे तरुण डॉक्टर धावत आले. त्यांनी चिमटा लावला तेव्हा बाई त्या मुलीच्या डोक्यापाशी उभ्या होत्या, तिचा घाम पुसत, कानाशी सांगत होत्या, "आत्ता न्हाई. थांब. मी सांगते तवा." बाळ रडलं. त्या तरुण डॉक्टरांनी ते उचलून आधी बाईंना दाखवलं. बाईंनी मान हलवली आणि खोलीबाहेर निघून गेल्या. मी बऱ्याच वेळानं मागच्या अंगणात गेले, तर त्या धुण्याच्या दगडावर बसल्या होत्या. मी जवळ बसले. "पंधरा वर्षं मिळाली असती या हातांना अजून," एवढंच त्या म्हणाल्या. मग उठून ओल्या पायानंच वॉर्डात राउंडला गेल्या.

पुढं प्रसूतीचं काम त्या तरुण डॉक्टरांनी आणि त्यांच्या बायकोनं सांभाळलं. बाई गरोदर बायकांना तपासायच्या, समजावायच्या, गावोगावच्या सुईणींना बोलावून शिकवायच्या. बारा-तेरा वर्षं त्या तशा येत राहिल्या. शेवटी आई गेली, मग काही वर्षांनी त्याही गेल्या. तोवर मी लग्न होऊन पुण्याला आले होते. इंदापूर सुटलं, तो रस्ताही आता रुंद झाला, कडेची झाडं गेली असं ऐकते.

पण गाडी विकायची नाही असं बाईंनी काचबिंदू कळला तेव्हाच ठरवलं होतं. "तू शिकायची," त्यांनी मला फर्मावलं. मी नाही म्हणून बघितलं. माझे वडील म्हणाले, पोरीनं गाडी चालवली तर स्थळं येणार नाहीत. बाई आमच्या घरी येऊन माझ्या वडिलांशी काय बोलल्या कोण जाणे, पण ते नंतर या विषयावर काही म्हणाले नाहीत. कन्हेरीला त्यांच्या भावाच्या नांगरून पडलेल्या रानाकडेच्या वाटेवर मी शिकले. बाई शेजारी बसून फक्त माझ्या पायाकडे कान देऊन असायच्या. "रागावलीयस का गाडीवर? मग अशी का तुडवतेस?" गाडी बंद पडली की त्या ओरडायच्या नाहीत. पुन्हा सुरू कर म्हणायच्या आणि पलीकडच्या रानातल्या ज्वारीकडे बघत बसायच्या.

लायसन मिळालं आणि बारामतीहून इंदापूरला मी पहिल्यांदा गाडी नेली, तो हिवाळ्यातला दिवस होता. ऊस सुरू झालेला. बाई डावीकडे, तात्या मागं. सणसरपर्यंत बाई काही ना काही सांगत होत्या, समोर सायकल आहे, पाय उचल, आता जाऊ दे. पुढं त्यांचं बोलणं कमी झालं. मला वाटलं, मी काही चुकले आणि त्या रागावल्या. समोर ट्रॉलींची रांग होती. मी लांबूनच पाय उचलला आणि संथ येत राहिले, रस्ता मोकळा होत गेला. लासुर्णं मागं पडलं तरी बाई गप्पच. काय चुकलं ते विचारावं म्हणून मी हळूच त्यांच्याकडे बघितलं.

बाई झोपल्या होत्या. मान खिडकीकडे कललेली, तोंड किंचित उघडं.

"सिस्टर," तात्या मागून कुजबुजले, "तशीच जाऊ द्या."

मी तशीच जाऊ दिली. इंदापूरला दवाखान्यापुढं गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. व्हरांड्यात बायका वाट बघत बसल्या होत्या. त्यातली एक उठून खिडकीपाशी आली, पोट सांभाळत वाकली, आत बघितलं आणि ओठांवर बोट ठेवून परत गेली.

"बाई निजल्यात," तिनं बाकीच्यांना सांगितलं. आणि सगळ्या बसून राहिल्या.